जात्याचा खुंटा

हळद दळायला बायका यायला जेमतेम तासभर उरला होता आणि जात्याची वरची तळी जाग्यावर नव्हती.

रत्नव्वा कमरेवर हात ठेवून सोप्यात उभी राहिली. खालची तळी कोपऱ्यात गुमान पडलेली, वरचा दगड मात्र खुंट्यासकट गायब. उंदरानं तर नेला नसणार. ह्या घरात दगड-लोखंड उचलणारा उंदीर एकच होता, तिचा नवरा.

बसाप्पा उद्यमनगरातल्या फौंड्रीतनं रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. बाकीची रिटायर माणसं रंकाळ्यावर फिरायला जातात, हा भंगारवाल्याच्या दारात जायचा. तुटके गिअर, सायकलच्या चेना, शिलाई मशीनची चाकं गोळा करायची, एकाला एक जोडायची आणि त्याला कला म्हणायचं. मागं त्यानं एक रेडा केला होता. तो बघून खरा रेडा लाजून तोंड फिरवील, असं रत्नव्वा आल्या-गेल्याला सांगायची. आणि आता तर कुणी शहाण्यानं त्याला शाहू स्मारकातल्या प्रदर्शनात जागा दिली होती!

ती तरातरा परड्यातल्या शेडकडं गेली.

"अवो, माझ्या जात्याचा दगड कुठं हाय?"

"हाय की. जातोय कुठं?" बसाप्पा म्हणाला, पण दारातनं हलेना. तिनं त्याला बाजूला सारलं.

आत एक बाई उभी होती. इंजिनाच्या सिलिंडरचं धड, तेलाचे डबे चेपून केलेल्या निऱ्या, चेनीचा अंबाडा, दोन्ही हात कमरेवर. आणि लोखंडी पट्टीत आवळलेली जात्याची तळी म्हणजे तिचं तोंड. मधलं भोक सताड उघडं, त्याच्या वर नाक म्हणून खुंटा.

मागनं नवरी मुलगी, नात शिवांजली आली आणि फस्सकन हसली. "अव्वा, तूच की गं ही!"

"गप बस."

"दळतंय कोण आता?" बसाप्पा पुटपुटला. "मिक्सर आल्यापास्नं पडूनच हाय. मला वाटलं, नको असंल."

"आणि लग्नाची हळद? पाचजणींनी काय मिक्सरला आंब्याची पानं बांधायची व्हय?"

शेजारच्या लीलाबाई दारात आल्या होत्या. "रत्नव्वा, आमचं जातं आणू का?"

"काय नको! माझ्या नातीची हळद माझ्याच जात्यावर निघंल," ती गल्लीला ऐकू जाईल असं बोलली आणि मग दात आवळून नवऱ्याला म्हणाली, "काढा."

"चार वाजता टेम्पो येतोय न्यायला. दोन महिनं खपलोय गं मी…"

"काढा म्हणते न्हवं!"

बसाप्पानं पाना घेतला. तळी सुटली, धुतली, खालच्या तळीवर बसली. पानं बांधली, कुंकू लावलं. पाचजणी बसल्या आणि पहिला हात रत्नव्वानं लावला. सवयीनं तिनं खुंटा अंगठ्यानं दाबून धरला, कारण ती लग्न होऊन आल्यापासनं तो डुगडुगायचा. आज हलेना.

"खुंट्याला काय केलंसा?"

"एमसील भरलं. नाक डुगडुगताना बरं दिसंना."

जातं थांबलं.

"चाळीस वर्सं सांगत आले, खुंटा हालतोय, पाचर मारा, पाचर मारा! माझं हात सोलून निघालं तवा कुणाला फुरसत न्हवती. आणि त्या पत्र्याच्या भवानीचं नाक हाललं तर लगेच एमसील!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. बसाप्पा पाना हातात धरून मधनंच चोरून घड्याळाकडं बघत होता.

हळद पिवळीजर्द, बारीक निघाली. जातं इतकं हलकं आयुष्यात कधी फिरलं नव्हतं, पण ते रत्नव्वानं कुणाला सांगितलं नाही. साडेतीनला तिनंच त्याला हाक मारली. "न्या. पण प्रदर्शन संपलं की दगड जाग्यावर पायजे."

तो पट्टी आवळत होता तेव्हा ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली. खुंट्याला हळद लागलेली. त्यानं फडकं उचललं.

"पुसू नका. आणि नथ कुठं हाय?"

"आं?"

"सगळं कोल्हापूर बघणार. बसाप्पाच्या बायकोला साधी नथ न्हाय म्हणतील."

बसाप्पानं डबा धुंडाळला. तांब्याची तार, बेअरिंगचे तीन छर्रे. वळवून वळवून त्यानं नथ केली आणि घाईघाईनं नाकात अडकवली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

रत्नव्वानं कपाळाला हात लावला.

"डावीकडं घाला! अवो, तुमच्या डावीकडं न्हवं, माझ्या!"