सात नंबरचे धडे

"वहिनी, माझंच डोकं मठ्ठ," असं म्हणत नणंद चपला न काढताच दारातल्या स्टुलावर टेकली आणि तिने एक कागद माझ्या हातात दिला.

ती अकरा वर्षं नर्स आहे. मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्सची जागा निघाली होती आणि मुलाखत इंग्रजीत होती. त्यासाठी सहा महिने ती ड्यूटीवर जाण्याआधी मोबाइलवरचे इंग्रजीचे धडे वहीत उतरवायची आणि भाजी चिरताना पाठ म्हणायची. आज मुलाखतीत त्यांनी तिला एका पेशंटचा रिपोर्ट लिहायला लावला होता. कागदभर लाल गोलच गोल होते.

"तिथल्या बाईंनी विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी म्हटलं, ऑनलाइन. मुलाखत घेणारे तिघंही खाली बघून हसले."

मी तिची वही मागून घेतली. अक्षर मोत्यासारखं, आणि पानोपानी त्याच चुका, धड्यातून जशाच्या तशा उतरवलेल्या. धड्याखाली छापलेलं असतं तेही तिने इमानेइतबारे लिहिलं होतं: तपासनीस क्रमांक सात.

सात नंबर म्हणजे मी.

हे धडे आमच्याच ऑफिसात तयार होतात. लिहिणारे घाईत लिहितात, म्हणून प्रत्येक धडा दोघं तपासतात. आधी समोरच्या टेबलावरचे काका, मग मी. दिवसाला साठ धडे. काकांची खूण दिसली की मी डोळे झाकून माझी करायचे. एवढे जुने मास्तर, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? एकदा चहा पिताना तेच म्हणाले, "मी कुठला वाचतोय? शेवटी तुम्ही बघताच की." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तेच. ते हसणं आता आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुसऱ्या नंबरांचे धडे नाही केलेस?"

"नाही. दादाने तुमचा नंबर सांगितला होता ना. शोधून शोधून तुमचेच केले. म्हटलं, घरच्या माणसाने तपासलेले आहेत."

तिला अजून काहीच उमगलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर निभावून गेलं असतं. तरी म्हणाले, "तुझं डोकं मठ्ठ नाही गं. तू लिहिलंस ते धड्यात तसंच आहे. मी न वाचताच पास केलं."

तिने वही ओढून घेतली, पहिल्या पानापासून चाळली आणि परत माझ्यापुढे ठेवली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"अख्खी वही पाठ आहे माझी," ती म्हणाली. "आता यातलं काय काय विसरायचं, ते सांगा."

तिने चपला काढल्या आणि स्टूल टेबलाजवळ ओढलं. मी लाल पेन घेऊन पहिलं पान वाचायला लागले, एकेक शब्द, पहिल्यांदाच. पानाच्या तळाशी आले, तेव्हा तिने त्या साताच्या आकड्यावर हळूच अंगठा ठेवला, मला दिसू नये म्हणून.