ताउवूने उपसलेली वाळू

दोन हजार नऊ साली आमच्या गावचे सरदार वारले आणि समुद्र बंद झाला. वानुआ लेवू बेटावरच्या आमच्या किनाऱ्यावर रीतच तशी. सरदार गेला की शंभर रात्री समुद्रातून काही काढायचं नाही. मासा नाही, शिंपला नाही, मूठभर वाळूसुद्धा नाही. गावाने मान खाली घालून ते मानलं. गावातल्या एकट्या वासेमाथाला ते परवडणारं नव्हतं.

तिच्या अंगणात सिमेंटची टाकी होती आणि टाकीत चोवीस दैरो. काकडीसारखा जाड, मऊ, वाळूत पुरून घेणारा आणि वाळू खाऊनच जगणारा हा जीव. तिच्या लहानपणी बायका ओहोटीला गप्पा मारता मारता टोपल्या भरायच्या. मग व्यापारी आले आणि वाळवून वाळवून सगळं घेऊन गेले. उरलेले इतके विखुरले की नराला मादीचा पत्ता नाही. मासेमारी खात्याच्या साहेबाच्या सांगण्यावरून तिने महिनाभर चिखल तुडवून हे चोवीस गोळा केले होते. ते खाऊनपिऊन धड राहिले, तर साहेब येऊन त्यांची पिल्लं करणार होता. हे गेले, तर दैरो फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरणार.

दहाव्या दिवसापर्यंत टाकीतली वाळू काळी पडली, तिला नासक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. दैरो खाईनात. एकाने तर आतडीच बाहेर टाकली. ती मुखिया मालाकाईकडे गेली.

"भाऊजी, चार पोती वाळू घेऊ द्या."

"पाइपाने पाणी ओढतेस, ते चालवून घेतलं ना?"

"पाण्याने पोट भरत नाही त्यांचं. आणि जुनी वाळू परत टाकीन की मी."

"पाणी आपणहून परत जातं, वहिनी. वाळू तू टाकणार. फरक आहे. त्यापेक्षा सोडून दे त्यांना समुद्रात."

"म्हणजे पुन्हा एक इथे नि एक कोसभर लांब! तुमची बायको तिकडे सुवा शहरात असती, तर तुम्हाला किती पोरं झाली असती?"

मालाकाई हसला. पण बंदी ती बंदी.

त्याच दिवशी कांदावू बेटावरचे लोक शोकाला आले. ते आमचे ताउवू. दोन्ही गावांचं मूळ दैवत एकच. ताउवूने घरात शिरून हवं ते उचलावं, तोंडाला येईल ते बोलावं. आपण अडवायचं नाही, त्यांच्या गावी जाऊन तेच करायचं.

इनोके नावाचा दांडगा गडी थेट वासेमाथाच्या चुलीपाशी आला. "ए वाळक्या खेकडे, मोठं पातेलं कुठे दडवलंस?"

तिला एकाएकी सुचलं. "न्या पातेली, भिकाऱ्यांनो! आधीचे ताउवू डुकरं पळवायचे. तुझ्यात दम असता, तर समोरची वाळू उपसली असतीस. पण मालाकाईला घाबरतोस तू."

"कोण घाबरतं?"

"तू. फावडं दाराशीच आहे."

भर उन्हात, उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर इनोके पोती भरू लागला. मालाकाई धावत आला. "चोरा, सरदार वरून पाहतोय!"

"पाहू दे! त्याचाही मी ताउवूच!"

मालाकाईला हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पोती अंगणात आपटून इनोके घाम पुसत वळला आणि टाकीशी थबकला. टाकी झाकायचं तिच्या ध्यानातच नव्हतं.

"अगं, दैरो! लिंबू आण, कच्चेच खातो."

नाही म्हणावं, तर ताउवूपण मोडलं. मग ही वाळूही निव्वळ चोरी. तिने दात आवळून लिंबू दिलं. सगळ्यांत मोठे आठ निवडून तो गेला.

मग तिने ती उन्हाने तापलेली वाळू टाकीत ओतली. थोड्या वेळाने एक दैरो अर्धं अंग उभं करून डुलायला लागला. मग दुसरा, तिसरा. पाणी दुधासारखं झालं. 'सडले, सगळे सडले!' उरलेले तरी वाचावेत म्हणून तिने बोळा उपसला. ते पांढरं पाणी ओहळाने समुद्रात गेलं.

साहेब आला, सगळं ऐकलं आणि टाकीच्या कठड्यावर बसला. "मावशी, सडले नव्हते ते. ऊन वाळूने वीण सुरू झाली होती; ते पांढरं पाणी म्हणजे अंडी नि बीज. त्यासाठीच तर थांबलो होतो आपण."

वासेमाथा घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढे टाकीतले एकेक करून मेले. साहेबाची बदली झाली. नंतर त्याने नोकरी सोडून सावूसावूला दुकान टाकलं. मालाकाई लेकीकडे सुवाला गेला, तिथेच वारला. बंदीनंतर दोन वर्षांनी आमच्या किनाऱ्यावर बोटाएवढे दैरो दिसायला लागले होते; तेव्हापासून तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की ही बंदीची पुण्याई. कोण जाणे.

इनोके गुडघ्यांनी अधू झाला, तरी एका लग्नाला आला. किनाऱ्यावर काठी टेकत ओरडला, "खेकडे, माझ्या वाळूची पोरं कुठायत? वाटा दे!"

वासेमाथा ओहोटीच्या चिखलात उभी होती. तळपायाखाली काहीतरी मऊ हललं. तिने पायानेच त्यावर वाळू ओढली.

"इथे काही नाही," ती म्हणाली. भरती गुडघ्यांपर्यंत येईतो ती तिथून हलली नाही. अजूनही ती ओहोटीला जाते, डोळ्यांना दिसत नाही तरी.