वाहिनी एकच, गॅस दोघांचा

मी एक जुनी गॅसवाहिनी आहे, मित्रांनो. वडवणीपासून धारूरच्या डोंगरापर्यंत, कमरेइतक्या खोल जमिनीत मी पडून असते. पोलादी नळ्या एकमेकींना जोडून कारागिरांनी मला घडवले.

धारूरला दीपमालाताईंची खव्याची भट्टी होती. तिथे नऊ बायका काम करत. माझा गॅस पोचला आणि त्यांच्या डोळ्यांतला धूर गेला. किती कौतुक केले त्यांनी माझे! पण माझी मालक कंपनी एकच, आणि गॅसही तीच विकायची. तिने दर वाढवत नेले. दुसरीकडून घ्यायची सोयच नव्हती. शेवटी ताईंनी आणि इतर गिऱ्हाइकांनीही पुन्हा लाकडे पेटवली. माझ्यातून निम्माच गॅस वाहू लागला. मला फार वाईट वाटले.

मग वडवणीचे भारतराव पुढे आले. ते शेणापासून गॅस करून तो शुद्ध करत. "माजा गॅस तुमच्या वाहिनीतून धारूरला न्या. भाडं देतो," ते कंपनीला म्हणाले.

"वाहिनी आमची आहे. तुम्ही तुमची टाका," कंपनीचे अधिकारी शिवशंकर उत्तरले.

दुसरी वाहिनी टाकायला एवढा खर्च आला असता, की तिचा गॅस स्वस्त राहिलाच नसता.

दीपमालाताईंनी गॅसवाहिन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामक मंडळाकडे तक्रार केली. मंडळाच्या सुकन्या मॅडम पाहणीला आल्या आणि माझ्या व्हॉल्व्हपाशी सगळ्यांना बोलावले.

"पैसा आम्ही घातलाय, मॅडम. फुकट वाट कशी द्यायची?" शिवशंकर म्हणाले.

"फुकट न्हाई मागत," ताई म्हणाल्या. "एसटीत बसलं की तिकीट काढतोच की आमी. पर गाडी एकच हाय, तर सगळ्यांना चढू द्या."

मॅडमनी वाहता गॅस मोजणारा मापक पाहिला. "ही निम्मी रिकामी का?"



मंडळाने निर्णय दिला. मालकाचा खर्च आणि वाजवी नफा धरून भाडे मंडळच ठरवेल. वाहिनीत जागा असेल तोवर कुणाचाही गॅस न्यायचा, आणि सगळ्यांना तेच भाडे.

काही महिन्यांनी भारतरावांचा गॅस माझ्यात शिरला. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून कंपनीनेही दर उतरवला. ताईंनी लाकडे सोडली. भट्टीवर आणखी चार बायका आल्या. "लई बरं झालं!" ताई म्हणाल्या. शिवशंकरही परवा सहकाऱ्याला सांगत होते, "आधीपेक्षा वाहिनीचं उत्पन्न वाढलंय की."

मित्रांनो, माझा गंज वेळेवर तपासा, माझ्या खुणेच्या खांबांजवळ खणू नका. माझ्या मालकाला त्याचे भाडे जरूर द्या. पण माझे तोंड कुणा एकासाठी राखून ठेवू नका. भरून वाहते, तेव्हा मला माझे वय आठवत नाही.