पंखवालीचा चेहरा

ग्रासिएलाने मखमली पिशवीतले एक नाणे काढून आपल्या पर्समध्ये टाकले, पर्समधले दुसरे पिशवीत सारले आणि नाडी घट्ट ओढली. चर्चच्या दारात टाय सैल करत उभा असलेला तिचा नवरा एलादियो हे सगळे बघत होता.

"हे काय चाललंय?"

"पोरीला आशीर्वाद देतेय."

"आशीर्वादावर कुणी स्वतःची सही करतं का?"

ग्रासिएलाने त्याच्याकडे दुर्लक्ष केले. तीस वर्षांच्या संसारात तिने ही कला चांगलीच कमावली होती.

लग्न तिच्या मानलेल्या लेकीचे, मारिक्रूसचे होते. फादरनी आशीर्वाद दिलेली तेरा नाणी नवरा मुलगा नवरीच्या ओंजळीत ओततो, आणि ती तेरा नाणी पुरवायचा मान मानलेल्या आईचा. सान लुईसमध्ये तो मान पंखवालीनेच साजरा व्हायचा. शुद्ध चांदीचे, एका औंसाचे, पंख पसरून चालणारी बाई असलेले हे नाणे गावाच्याच टांकसाळीत पडायचे, आणि ग्रासिएला त्या टांकसाळीची मुख्य कोरीवकार होती. पिशवीतली बारा नाणी नेहमीची होती. तेरावे मात्र बाजारात अजून कुणी पाहिलेले नव्हते. ती नवी पंखवाली होती, ग्रासिएलाच्या हातची. सोमवारी नवी नाणी मंजूर करणाऱ्या समितीपुढे ठेवायला चाचणीचा हा नमुना तिच्या ताब्यात दिला होता. जेवणे उरकली की ती नाण्यांची पुन्हा अदलाबदल करणार होती. ही चोरी नव्हे, उसनवारी आहे, असे तिने स्वतःला बजावले होते आणि ते तिला लगेच पटलेही होते.

पंखवाली बदलावी की नाही, यावर टांकसाळीत वर्षभर रणे माजली होती. चांदीचे व्यापारी म्हणत, लोक डोळे झाकून विकत घेतात ते ओळखीचा चेहरा म्हणून, त्याला हात लावू नका. दुसरी फळी म्हणे, तेच तेच बघून जग कंटाळले आहे. ग्रासिएलाने दोघांचे ऐकून घेतले आणि आपले काम केले. तिने पंखवालीचा चेहरा वळवला. आता नाणे हातात धरणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ती बघत होती. त्या नजरेसाठी ग्रासिएलाने प्लास्टरचे किती साचे फोडले होते, ते तिचे तिलाच ठाऊक. आयुष्यातले हे आपले सर्वांत चांगले काम आहे, असे ती कुणालाही सांगायची, उगीच लाजायची नाही. टांकसाळीचे संचालक आर्रियागा यांनी सकाळीच कळवले होते की समितीचे मन वळले आहे, आता फक्त तिने दोन शब्द बोलायचे बाकी आहे.

ओंजळीत नाणी पडली तेव्हा तिला गर्दीतही आपले नाणे ओळखू आले, आणि तिचे डोळे भरले. थोडे पोरीसाठी, बरेचसे नाण्यासाठी.

मंडपात लाल मिरचीच्या रश्शातले डुकराचे मटण आणि भात झाला, बँड सुरू झाला. नवरा-नवरी घरी जाईपर्यंत पिशवी सांभाळते ती नवऱ्याकडची सर्वांत वडीलधारी बाई. इथे ती नवऱ्या मुलाची आजी होती, तोमासा. मंडईत निवडुंगाच्या फळांची वडी विकून तिने सगळे घर पोसले होते. माणसे हातात हात धरून, साखळी करून नाचायला धावली, तेव्हा नाडी नीट बांधायचे निमित्त काढून ग्रासिएलाने पिशवी मागून घेतली आणि टेबलाखाली धरून उघडली.

तेरा नाणी होती. तेराही जुनी. तिचे नाणे त्यांत नव्हते.

तिने ती पुन्हा एकदा मोजली. एवढ्यात कुणीतरी तिचे कोपर धरले. तोमासाआजी तिला ओढत स्वयंपाकाच्या मागे, सोड्याच्या रिकाम्या क्रेटांजवळ घेऊन गेली. पोलक्यातून रुमालाची पुरचुंडी काढून तिने ती ग्रासिएलाच्या हातात कोंबली.

"ठेव पर्समध्ये. कुणी बघायच्या आधी."

पुरचुंडीत नवी पंखवाली होती.

"आजी, हे तुमच्याकडे कसं?"

"पिशवी हातात आली तेव्हाच मोजून घेतली मी. सवय आहे जुनी. आहेराला आणलेलं माझं एक घातलंय बदल्यात. पोरीला नाही कळलं, तिच्या आईला नाही कळलं. झाकली मूठ राहू दे. तुला फसवलंय गं कुणीतरी, खोटं नाणं आहे हे."

ग्रासिएलाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. हे मी घडवले आहे, असे म्हणायला तिने तोंड उघडले सुद्धा. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर ना टोमणा होता ना शहाणपणाचा तोरा. एका बाईची अब्रू आपण वेळेवर राखली, एवढेच समाधान होते. ग्रासिएला सरकारी कचेरीत काहीतरी असते, यापलीकडे तिला काही माहीतही नव्हते.

"चांदी तर खरी दिसतेय," ग्रासिएला म्हणाली.

"असेल खरी. पण ही ती नव्हे."

"कशावरून म्हणता?"

"ही माझ्याकडे बघते."

"मग बघू दे की. त्यात काय वाईट आहे?"

आजी क्रेटवर टेकली. गुडघ्यावरचा झगा तिने हाताने सारखा केला.

"माझा नवरा गेला ना, तेव्हा पोरं लहान होती. माझ्या लग्नातल्या पंखवाल्या एकेक करत सगळ्या विकल्या मी. दर वेळी हातात धरायचे, मन घट्ट करायचे. आणि ती आपली पुढं बघत चाललेली. म्हणून जमलं बाई. तिनं एकदा जरी असं माझ्याकडं पाहिलं असतं, तर विकणं झालं नसतं माझ्याच्यानं. पोरं उपाशी राहिली असती."

नाचणाऱ्यांची साखळी तुटली असावी, कारण मंडपात मोठा हशा झाला. ग्रासिएलाने पर्समधले आपले जुने नाणे काढून आजीच्या हातावर ठेवले. तुमचे तुम्हाला, एवढेच म्हणाली. आजीने ते आधी उलटसुलट करून पाहिले आणि मगच पोलक्यात टाकले.

"आणि त्या लबाडाला सोडू नकोस."

"नाही सोडत," ग्रासिएला म्हणाली.

सोमवारी समितीची माणसे तिने तोंड उघडण्याआधीच माना डोलवत होती. नमुना हातोहात फिरला. नजर किती जिवंत आहे, असे एकाने म्हटले, दुसऱ्याने तेच जरा लांबवून म्हटले. आर्रियागांनी तिला खूण केली.

"बदल व्हायलाच हवा," ती उभी राहून म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "पंख मी केले तसेच राहतील. चाल माझीच राहील. चेहरा मात्र मी पुन्हा करणार आहे."

आर्रियागांनी तिला बाजूला घेऊन समजावले. या वर्षीची संधी गेली तर पुढच्या वर्षी समिती नवी येईल, आणि ती तुमचेच काम घेईल याची हमी कुणी देणार नाही.

"माहीत आहे. पण त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कोण करून देणार आहे?"

"अहो, पण बिघडलंय काय यात? कुणाला दाखवलंत का तुम्ही हे?"

"एका बाईंनी पाहिलं."

"मग? आवडलं नाही त्यांना?"

ग्रासिएलाने टेबलावरचा नमुना उचलला आणि क्षणभर त्या डोळ्यांत पाहिले. खरेच, फार सुंदर जमले होते ते डोळे.

"खोटं आहे म्हणाल्या," ती म्हणाली, आणि तिने नाणे पालथे ठेवले.