पुढला उजवा पाय

घाटावरचा घोडा समुद्राला आणला की आधी त्याला पाण्याचाच राग येतो. पाणी म्हणजे बादलीत नाहीतर डबक्यात गप पडून राहणारी वस्तू. इथलं पाणी आपणहून अंगावर येतं, पायाला चाटतं आणि जाताना खुराखालची वाळू चोरून नेतं. चंदनने पहिल्या दिवशी त्याला तोंड लावलं. खारट लागलं म्हणून ओठ वर करून दात दाखवले, तर किनाऱ्यावरची सगळी माणसं पोट धरून हसली. तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं, की ह्या मुलखात घोड्याने काही केलं तरी माणसांना गंमतच वाटते.

त्याआधी तो पन्हाळ्यावर होता. तिथला मालक तोंडाचा फाटका, शिवीशिवाय घास न गिळणारा. पण संध्याकाळी खोगीर उतरलं की एकेक पाय मांडीवर घ्यायचा आणि लोखंडी आकड्याने खुरातले खडे टोकरून काढायचा. वाटेत चंदनने मध्येच पाय उचलून धरला, तर पाठीवरचं गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आधी त्याला खाली उतरवायचा आणि वाकून पाय बघायचा. घोड्याकडे बोलायला असतं काय? पाय असतात. पाय उचलला की माणूस वाकतो, एवढी एक गोष्ट चंदन लहानपणी शिकला होता आणि ती त्याला पुरत होती.

मालवणला त्याला आणला गुरुदासने. गुरुदास मुंबईत एका गोदामावर होता, तिथलं सुटलं तसा गावी आला. तारकर्लीच्या वाळूत पाहुणे वाढलेले, कोणी बोट घेतली, कोणी खोल्या बांधल्या, ह्याने घोडा घेतला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्याच्या सात पिढ्यांनी बैल पाळलेले. घोडा म्हणजे काय, तर शिंगं नसलेला बैल, असंच त्याच्या डोक्यात. गोठ्यात बैलाच्याच दाव्याला बांधला, बैलासारखी पेंड घातली. दिवाळीच्या पाडव्याला त्याची बायको विनीता हिने गेरूत वाटी बुडवून चंदनच्या अंगभर लाल गोल ठसे काढले, गळ्यात झेंडूची माळ घातली, ओवाळला. चंदनने माळ खाऊन टाकली. विनीता हसत म्हणाली, "मेल्या, देवाक तरी दाखवूक दिवची होती!" आणि कपाळावर खाजवलं. तिचा हात त्याला आवडायचा.

मग गुरुदासने त्याला सलाम शिकवला. फोनवर कुठेतरी बघितलं होतं. पुढल्या उजव्या पायाच्या गुडघ्यावर काठीने हलकं टकटक करायचं आणि पाय वर आला की ग्लुकोजचं बिस्कीट द्यायचं. चंदनला वाटलं, चला, हा माणूस पाय बघायला शिकतोय. म्हणून तो पाय चांगला उंच धरायचा, नवख्या माणसाला नीट दिसावा म्हणून. गुरुदास मात्र पायाकडे बघायचाच नाही. बघायचा माणसांकडे. माणसं टाळ्या वाजवायची, फोन समोर धरायची, आणि मग त्यांतलं कोणीतरी पाठीवर चढून सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन यायचं.

"गुरुदासा," बोटीवाला सुदेश ओरडायचा, "तुझो घोडो तुझ्यापेक्षा शिकलेलो दिसता रे!"

"तू एक सलाम करून दाखव. तुका पण देतंय बिस्कीट."

असं बरं चाललं होतं. दिवाळी सरून महिना झाला आणि त्याच पायाची नाल ढिली झाली. वाळूत नाल नसली तर चालतं, पण घरापासून किनाऱ्यापर्यंत डांबर, आणि लग्नसराईच्या वराती सगळ्या डांबरावरच. घोड्याचा नालबंद यायचा कोल्हापुराहून. त्याला फोन केला तर तो म्हणाला, आता नाही, पुढल्या महिन्यात उतरतो. पाहुण्यांची गर्दी तर दारात उभी. तेव्हा गुरुदासला गंगाराम आठवला. गंगाराम गाडीच्या बैलांना पत्री, म्हणजे बैलाची नाल, मारायचा. गाड्या गेल्या, बैल गेले, गंगारामचा हातोडा मात्र होता.

"घोड्याक मारलेली नाय मी कधी," गंगारामने पान थुंकून सांगितलं. "पण बैलाक मारलंय, रेड्याक मारलंय. ह्येका तर शिंगा पण नाय. सोपो ह्यो."

बैलाला पत्री मारताना आधी पाडतात. अंगाभोवती दोर आवळून ओढला की बैल आडवा होतो, मग चारी पाय एकत्र बांधायचे. त्यांनी चंदनला तसाच पाडला. पन्हाळ्यावर नाल मारताना तो नेहमी उभा असायचा, पाय मालकाच्या मांडीवर, तोंडात गवत. इथे अचानक जमीन वर आली आणि बरगडीवर आदळली. वर बघितलं तर आभाळ. डोळ्यात माती. त्याला वाटलं, आता खातात आपल्याला.

बैलाचा खूर दुभंगलेला, घोड्याचा अखंड. कुठवर निबर आणि कुठून पुढे जिवंत, ते गंगारामला कसं कळणार? त्याने बैलाच्या हिशेबाने खिळे ठोकले. शेवटचा खिळा आत वळला आणि मांसात गेला. चंदन असा किंचाळला की माडावरचे कावळे उठले.

"काका, जोरात लागला काय रे तेका?" गुरुदासने विचारलं.

"बोंब मारूंदे. बैल पण मारतत. घोडो झालो म्हणून काय वेगळो?"

गुरुदासने चंदनचं डोकं मांडीवर घेतलं. "झाला रे बाबा, झाला," म्हणत त्याच्या डोळ्यातली माती आपल्या सदऱ्याने पुसली. ते अगदी मनापासून केलं त्याने.

एक-दोन दिवस नुसतं टोचत होतं. मग आत काहीतरी तापायला लागलं. टेकला की कळ खांद्यापर्यंत. चंदनने मग जे करायचं तेच केलं. किनाऱ्यावर उभं राहून पुढला उजवा पाय उचलला आणि धरून ठेवला.

"अगं, बघ बघ! सलाम करतोय!" पुण्याची एक बाई ओरडली.

"न सांगता करता आता," गुरुदासला कोण आनंद. "हुशार आसा माझो!"

बिस्कीट आलं. फोन आले. कोणी वाकलं नाही. मग एक जाडा माणूस पाठीवर चढला. सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन येईस्तोवर चंदनचं अंग घामाने भिजलं. परत आल्याबरोबर त्याने पाय उचलला, ह्या वेळी आणखी वर. नीट बघ रे बाबा. खालून बघ. आणखी टाळ्या पडल्या, आणखी एक माणूस चढला.

सुदेशला दिसलं. "लंगडता रे तुझो घोडो."

"नाटकां करता. बिस्किटाची चटक लागली तेका."

"माका नाय वाटत नाटक."

"तू तुझी बोट बघ."

विनीताला जास्त दिसायचं. ती घरी गेल्यावर त्याच्या खांद्याला हळद-तेल चोळायची, गुडघा दाबून बघायची. दुखणं खाली, औषध वर. तरी चंदन तिच्यासमोर पाय धरून उभा राहायचा. एकदा तिने खुराला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

"ओ, खूर बघा कसो तापलोहा!"

"दिवसभर वाळयेत उभो आसता. तापात नाय तर काय बर्फ होतलो?"

"तसो ताप नाय ह्यो. त्या गंगारामाच्या हातार शिरा पडली, तेणांच कायतरी करून ठेवल्यान."

"खाऱ्या पाण्यात उभो करतंय. खाऱ्या पाण्यान घाव सुकता. आमचे बापूस तेच करीत."

बापूस मासेमारीला जायचे आणि हाताला गळ लागला की समुद्रातच हात धुवायचे, हे खरं. गुरुदासने रोज सकाळी चंदनला गुडघाभर पाण्यात नेऊन उभा केला, स्वतःही लेंगा वर करून शेजारी उभा राहिला, थंडीने कुडकुडत. थंड पाण्याने पाय घटकाभर निवायचा. तेवढ्यात लाटेबरोबर बारीक वाळू खिळ्याच्या भोकातून आत शिरायची. बाहेर आलं की पुन्हा आग.

मग एके दुपारी एक बाप आपल्या मुलीला पुढ्यात घेऊन बसला आणि चंदनचा पाय दुमडला. पडला नाही, पण मुलगी रडली, बाप तावातावाने बोलला, आजूबाजूची माणसं बघत राहिली. ती माणसं गेल्यावर गुरुदासने पहिल्यांदा काठी घातली. पाठीवर, सणकन. चंदन जागचा हलला नाही, त्याने फक्त पाय उचलला.

"परत सलाम! माझी मस्करी करतंस?" गुरुदासने दुसरी घातली.

त्या संध्याकाळी विनीताने नवऱ्याला जेवायलाच वाढलं नाही. "आधी डॉक्टराक फोन करा, मगे पेज मिळतली," म्हणाली. गुरांचा डॉक्टर मालवणात. तो म्हणाला, उद्या दुपारनंतर कुडाळहून परततो, वाटेत किनाऱ्यावर येऊन जातो.

हे चंदनला कसं ठाऊक असणार?

त्याचं आपलं वेगळंच चाललं होतं. घोडा काही वेडा नसतो. गोष्टी एकापाठोपाठ कशा येतात ते तो बघून ठेवतो. पाय वर केला की हसू, हसलं की फोन, फोन झाला की कोणीतरी पाठीवर. आणि आता काठीसुद्धा. इथे पाय उचलला की माणूस वाकत नाही, इथे पाय उचलला की माणूस चढतो. एवढं कळायला त्याला बराच वेळ लागला, कारण लहानपणी शिकलेलं सहजासहजी पुसत नाही. पण कळलं ते पक्कं कळलं.

दुसऱ्या दिवशी सुरूच्या सावलीत त्याने पुढला उजवा पाय खाली टेकला.

कळ डोक्यात गेली. कान मागे पडले, डोळ्याच्या कडेला पाणी आलं. तरी त्याने भार टाकला आणि चार खांबांसारखा उभा राहिला. एक घोळका आला. गुरुदासने गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. पुन्हा टकटक. नाही म्हणजे नाही. "हा नाही करत सलाम," म्हणत घोळका बोटीकडे वळला. पाठीवर कोणी चढलं नाही. आपला हिशेब बरोबर आहे, चंदनला वाटलं. दुसरा घोळका आला, तोही गेला.

दुपारी विनीता डबा घेऊन आली. लांबूनच थबकली.

"ओ! पाय टेकल्यान तेणां!"

गुरुदास काठी टाकून उठला. पुढून बघितलं, बाजूने बघितलं. पाय सरळ, चारी खूर वाळूत, डोकं खाली. त्याचा चेहरा असा फुलला की बोटीवरून सुदेशनेही हात हलवला.

"बघ गो, बघ! खाऱ्या पाण्याचो गुण! मी सांगी होतंय!"

"डॉक्टराक दाखवा तरी. येतत ते."

"कित्याक? बऱ्या जनावराक सुई टोचूक?" त्याने लगेच फोन लावला आणि सायबाशी बोलायच्या आवाजात बोलला, "नको नको साहेब, येऊ नका. उगाच तुम्हाला वाकडी वाट. हो, हो, बरा झाला घोडा. एकदम बरा. पाय टेकून उभा आहे."

विनीता जवळ आली. चंदनने मान तिच्याकडे वळवली, पण पाय उचलला नाही. तिने कपाळावर खाजवलं, गळ्यावर गाल टेकला. तिचे डोळे भरून आले. "देवच पावलो गो बाय," ती स्वतःशीच म्हणाली. खुराला हात लावायचं तिला सुचलं नाही. बऱ्या पायाला कोण हात लावतं?

"परवा कणकवलेची वरात आसा, मी नको सांगणार होतंय," गुरुदास म्हणाला. "आता सांगतंय, येतंव म्हणून." त्याचं मन अगदी हलकं झालं होतं. एवढ्या दिवसांत तो स्वतः कधी चंदनच्या पाठीवर बसला नव्हता. हसत म्हणाला, "आज घराकडे मीच बसान जातंय. चल रे राजा!"

डबा खाऊन झाल्यावर त्याने रिकिबीत पाय घातला आणि चढला. विनीता रिकामा डबा घेऊन बाजूने चालू लागली. वाळू होती तोवर चंदन चालला, एकदाही पाय न उचलता. पुढे माडाच्या बागेशी वाळू संपली आणि डांबर सुरू झालं.