शुद्ध मेणाची मेणबत्ती

जाग्वारिबे नदीकाठी मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती देतात, नाहीतर जीव अंधारात चाचपडतो. मार्चमध्ये, तिथल्या ऐन पावसाळ्यात, बेलार्मिनूचा श्वास अडकला, तेव्हा शेजारच्या झुल्मिराने त्याच्या मुठीत मेणबत्ती दिली आणि प्रार्थना सुरू केली. बेलार्मिनूने एक डोळा उघडला.

"हिच्यात चरबी आहे. धूर बघ."

"भाऊ, तुम्ही मरताय. गप्प पडा."

"चरबी हातात धरून मी मरणार नाही."

आणि खरंच मेला नाही. जन्मभर त्याने कार्नाउबाच्या ताडाचं मेण काढलं होतं. त्याच्या घराचे खांब त्या ताडाचे. छप्पर, टोपी, केरसुणी त्याच्याच पानांची. मेण म्हणजे पानांवरची भुकटी, आणि पानं पाऊस सरल्यावरच कापतात. शुद्ध मेणाची मेणबत्ती हवी म्हणजे थांबणं आलं. डॉक्टरने हात टेकले होते. बेलार्मिनू पेज पीत थांबला.

पेज भरवायची त्याची बायको ओतीलिया. तिला तो हवा होता. हेकट, कुरकुऱ्या, जसा होता तसा. यंदा पाऊस रेंगाळला, मेणवाले आभाळाला शिव्या घालत होते, आणि ही बाई एकटीच खुशीत होती.

शेवटी ऊन पडलंच. भाचा जेनिव्हालने कोवळी पानं कापून वाळवली, वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून बडवली, भुकटी वितळवून गाळली आणि मामासाठी मेणबत्ती ओतली. जून पानांचं मेण काळपट निघतं. ही पिवळीधमक होती. धूर नावालाही नाही. त्याच आठवड्यात बेलार्मिनूचा श्वास पुन्हा अडकला आणि झुल्मिरा बाह्या सरसावून हजर झाली.

बेलार्मिनूने मेणबत्ती हुंगली. त्याचा चेहरा उजळला. जेनिव्हालची छाती फुगली.

"पानं जून होती," ओतीलिया म्हणाली. "दिसतंच आहे."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. हिला मेण आणि साबण यांतला फरक कळत नाही, हे बेलार्मिनू लग्नापासून चारचौघांत सांगत आला होता. मेणाच्या गोष्टीत त्याने तिला कधी तोंड उघडू दिलं नव्हतं.

"अहो मामी, कोवळी पानं मी स्वतः..."

"तू गप्प बस रे," ओतीलियाने त्याला तोडलं.

बेलार्मिनूने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती ते पुसतही नव्हती. त्याने फुंकर मारून मेणबत्ती विझवली. श्वास पुरत नव्हता, दोनदा मारावी लागली.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "पुढच्या हंगामात बघू."