अंकितानं टाकलेला डाव

इनामगावच्या बाळासोला शेतातून घरी आलं की टीव्हीवरची विलायती कुस्ती लागायची. तरुणपणी तो स्वतः जत्रेच्या फडात लढलेला. पुढं साखरेचा आजार जडला, अंग उतरलं, पायाची बोटं बधिर झाली. रग मात्र गेली नाही. सात वर्षांच्या लेकीला, अंकिताला मांडीवर घेऊन तो पडद्यावरच्या पैलवानाला सांगायचा, "उचल त्याला. आपट." अंकिताही तेच ओरडायची.

"पोरीला काय दाखवताय हे?" त्याची बायको गिताबाई विचारायची.

"बघू दे. धीट हुईल."

२००६ च्या पावसाळ्यात एकदा नवराबायको गोठ्यात असताना अंकितानं धाकट्या भावाला, शंभूला कॉटवर चढवलं, कमरेला धरून उचललं आणि खाली फरशीवर आपटलं. किंकाळी ऐकून दोघं धावत आले. चार वर्षांच्या पोराचा हात कोपराखाली वाकडा लोंबत होता, तोंडातून रक्त येत होतं. अंकिता कॉटवर दोन्ही हात वर करून उभी होती, जिंकलेला पैलवान उभा राहतो तशी.

बाळासोनं तिला दंडाला धरून खाली ओढलं. पहिल्याच थपडेला ती भिंतीवर जाऊन आदळली. मग त्यानं खुंटीवरचा पट्टा काढला. पाठीवर, मांड्यांवर, तोंड झाकलेल्या हातांवर, दिसेल तिथं तो मारत राहिला. रडणं थांबून नुसता श्वास ओढल्याचा आवाज येऊ लागला, तरी त्याचा हात थांबेना. गिताबाई मधे पडली, तर एक वळ तिच्या गालावर उठला.

"तिला हे कुणी शिकवलं?" ती म्हणाली.

बाळासोनं पट्टा खाली टाकला. मग कोपऱ्यातली पहार उचलून त्यानं टीव्हीत घातली. काच घरभर उडाली. अनवाणी पायांनी काचांवर उभा राहून तो खोक्यावर घाव घालत राहिला. शेवटी गिताबाईनं पहार दोन्ही हातांनी धरली आणि हिसकावून घेतली.

"पोरीला परत हात लावला तर ह्याच पहारीनं तुमचं डोस्कं फोडीन," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बाळासो मागं सरला.

दोन्ही पोरांना घेऊन ती शिरूरच्या दवाखान्यात गेली. शंभूच्या हाताला प्लास्टर बसलं. अंकिताच्या पाठीकडं बघून नर्सनं विचारलं, "हे कुणी केलं?" गिताबाईनं सांगितलं, "बापानं."

बाळासोच्या तळव्यात काच घुसली होती. बधिर पायाला ती कळलीच नाही. रक्त दिसलं तेव्हा त्यानं फडकं गुंडाळलं. त्याच आठवड्यात गावात चिकुनगुनियाची साथ आली. घराघरात माणसं सांधे धरून कण्हत होती, पण हळूहळू उठून हिंडू लागली. बाळासोलाही ताप आला, तो मात्र उठला नाही. त्याला पाण्याचा तांब्या धरवेना. तळवा सडला, बोटं काळी पडली, घरभर वास सुटला. गिताबाईनं त्याला जीपमधून दौंडला नेलं.

"ताप सगळ्यांनाच येतोय," तिथले डॉक्टर म्हणाले. "पण यांची साखर आधीच वाढलेली, तापात ती आणखी चढली. जखमेत विष भरलंय. बोटं काढावी लागतील, नाहीतर पाय जाईल."

दोन बोटं गेली.

"पोरगी आली न्हाई?" शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं.

"न्हाई म्हणती. भेव वाटतंय तिला तुमचं."

"तिनं मी सांगितलं तेच केलं, गिता."

दिवाळीनंतर गिताबाईच्या भावानं जुना टीव्ही आणून दिला. एकट्या पोरांनी लावायचा नाही, मोठं माणूस शेजारी पाहिजे, असं तिनं सगळ्यांना बजावलं. एका संध्याकाळी चॅनेल बदलताना तीच कुस्ती लागली. अंकिता ताठ झाली.

"ही माणसं पडायचं शिकल्यात," बाळासो हळू बोलला. "त्यांच्या खाली गादी असती. शंभूच्या खाली फरशी व्हती. हे मी तुला आधीच सांगायला पायजे व्हतं."

त्यानं रिमोट घ्यायला हात पुढं केला, तशी अंकितानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

बाळासोनं हात मागं घेतला. "तूच बंद कर," तो म्हणाला.

ती उठली, त्याच्यापासून लांबून वळसा घालून गेली आणि टीव्ही बंद करून आईच्या पलीकडं जाऊन बसली.